चवथीचे तवसे आणि चुलीची राख

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात वेलींच्या भाज्यांना पिढ्यान् पिढ्या एकच मुदत पाळावी लागली, ती चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची. मृगाच्या सरींवर परड्यात, म्हणजे घरामागच्या जागेत, आळी करून टोकलेले तवसे (काकडी), दोडका, पडवळ, चिबूड भाद्रपदापर्यंत हाती यायलाच हवेत. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीत त्यांचा मान असतो. नारळ, सुपारीचे घोस आणि रानातली लालभडक कवंडळे यांच्या जोडीला परड्यातले तवसे टांगले की माटवी भरल्यासारखी दिसते. तिथे डागी फळ बांधावे असे कुणालाच वाटत नाही. बाजारासाठी नव्हे, देवासाठी वेल राखायची, या हिशेबातूनच इथले कीडनियंत्रण घडत गेले.

काम सोपे नव्हते. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा पावसात जमिनीवर पसरलेला वेल चिखलाने माखतो, फळाची खालची बाजू कुजते, पानांवर केवडा येतो. म्हणून मांडव. माणग्याचे बांबू कुडाळ-सावंतवाडीकडे मुबलक, बांधायला काथ्याचा सुंभ घरचाच. मांडवावर चढलेल्या वेलीला वारा लागतो, पाने लवकर सुकतात, फळ खाली लोंबते आणि नजरेच्या टप्प्यात येते. पडवळ वाकडे होऊ नये म्हणून त्याच्या शेंड्याला दगड बांधायची रीतही याच मांडवाखालची. गुरांना अडवायला भोवती जांभ्या दगडाचा गडगा किंवा काट्यांची वई. आळे उंचावर करायचे, म्हणजे मुळांशी पाणी तुंबत नाही.

खरी कसोटी मात्र वेल दोन पानांची असताना. तांबडे भुंगेरे तेव्हाच येतात. नारिंगी-तांबड्या पाठीचा हा किडा कोवळ्या पानांना भोके पाडतो, आणि त्याच्या अळ्या मातीत राहून मुळे कुरतडतात. मोठी झालेली वेल त्याचा मारा सोसते, रोप सोसत नाही. यावर घराघरात एकच औषध होते: चुलीतली राख. सकाळी पाने ओलसर असताना ती मुठीने भुरभुरायची, म्हणजे चिकटून बसते आणि राखेचा थर असलेले पान भुंगेरा टाळतो. त्याच वेळी, थंडाव्याने किडे सुस्त असतात तोवर, ते हातानेच वेचून मारायचे. पावसाची एक जोरदार सर आली की राख धुऊन जाई आणि पुन्हा टाकावी लागे. हे काम बहुधा घरातल्या बायकांचे. परड्यातली शेती शेतीच्या कागदांत फारशी नोंदलीच गेली नाही, म्हणून त्यांची ही रोजची राखण इतिहासात कुठे दिसत नाही. तरी तवसे चवथीपर्यंत पोचायचे ते याच हातांमुळे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

फळमाशीपुढे मात्र राख तोकडी पडे. माशी कोवळ्या फळाच्या सालीत भोक पाडून आत अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ वाकडे होते, सडते, गळते, आणि अळ्या कोष करायला मातीत उतरतात. फळ आतून पोखरलेले आहे हे कळेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. धरलेले फळ कागदात किंवा फडक्यात बांधायचे आणि सडके फळ आळ्यातच न टाकता खोल पुरायचे, एवढेच दोन उपाय होते. दोन्ही आजही तितकेच खरे आहेत.

या माशीला फसवण्याची वाट हिंदुस्थानातच सापडली. बिहारमधल्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एफ. एम. हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने 1912 मध्ये लिहिले की सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर ओढले जातात. पुढे 1915 मध्ये त्याने या आकर्षणामागे मिथाइल युजेनॉल हा पदार्थ असल्याचे दाखवले. आंब्यावरच्या माशीला तो भुलवतो. काकडी-कारल्यावरची माशी मात्र त्याला दाद देत नाही. तिच्यासाठी क्यू-ल्यूर हे वेगळे रसायन अमेरिकी संशोधकांनी 1960 मध्ये पुढे आणले. नर सापळ्यात अडकून मेले की माद्यांना जोडीदार कमी मिळतात आणि पुढची पिढी घटते, असे त्यामागचे गणित.

कोकणात हे ज्ञान आंब्याच्या वाटेने आले, आणि ते स्वाभाविकही होते. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने हापूसच्या बागांसाठी ‘रक्षक’ सापळा तयार केला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने वेलींकडेही लक्ष दिले. ‘कोकण तारा’ हे कारले आणि ‘कोकण श्वेता’ हे पडवळ तिथलेच वाण. तरीही परड्यातल्या दोडक्यापर्यंत क्यू-ल्यूरची वडी पोचायला बराच काळ गेला.

1 मे 2014 रोजी आंबा आणि वेलभाज्या एकाच यादीत आल्या. फळमाशी आणि इतर किडी सापडल्याने युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या आंब्यासह कारले, पडवळ, वांगे आणि अळू यांची आयात थांबवली. कोकणात चर्चा झाली ती हापूसची. आंब्यावरची बंदी 2015 मध्ये उठली, कारल्या-पडवळाची त्यानंतर. पण माशी कुठल्या झाडावर वाढते आणि कुठल्या फळामुळे माल परत येतो, हा प्रश्न तेव्हा प्रथमच परड्याच्या कुंपणापर्यंत येऊन ठेपला.

दरम्यान घरात चूल मागे पडली. गॅस आला, झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानासारख्या संस्थांमुळे अनेक गोठ्यांशेजारी बायोगॅस उभे राहिले. बायकांचे डोळे आणि फुप्फुसे धुरातून सुटली, याहून चांगले काही नाही. वेलीला स्लरीचे उत्तम खत मिळू लागले, पण भुंगेऱ्यावर टाकायची राख मिळेनाशी झाली. तिच्या जागी दुकानातली फवारणी आली आणि तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचे याचे भान प्रत्येक परड्यात असतेच असे नाही. चवथीच्या आदल्या आठवड्यात फवारलेले तवसे थेट ताटात येऊ शकते.

फवारणी टाळायची तर माशीसाठी क्यू-ल्यूरचा सापळा आहे, पण तो एकट्याने लावून फारसे भागत नाही. काकडी-कारल्यावरची ही माशी रानातल्या त्याच कुळातल्या वेलींवरही वाढते आणि शेजारच्या मांडवावरून सहज उडून येते. जपानने ओकिनावा बेटांवरून तिचे उच्चाटन केले ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या वांझ माश्या वर्षानुवर्षे सोडून. 1978 मध्ये कुमे बेट मोकळे झाले आणि सगळा प्रदेश माशीमुक्त व्हायला 1993 उजाडले. तेवढा खर्च इथे शक्य नाही. पण एका वाडीतल्या सगळ्या घरांनी श्रावणाआधीच सापळे टांगले आणि किडकी फळे एकाच खड्ड्यात पुरली, तर चवथीच्या तवशाला माशीसाठी फवारणीची फारशी गरज उरणार नाही.