कोळशासाठी घडवलं, लष्कराने पळवलं

१९११ साली मँचेस्टरच्या गॉर्टन कारखान्यातून ग्रेट सेंट्रल रेल्वेचं ‘८के’ जातीचं पहिलं इंजिन बाहेर पडलं, तेव्हा कंपनीच्या डोळ्यांसमोर कोळसा होता. हंबर नदीच्या मुखाशी इमिंगहॅमची गोदी बांधून होत आली होती आणि यॉर्कशायरच्या खाणींतल्या कोळशाने भरलेल्या वाघिणींच्या लांबलचक माळा तिथवर ओढून न्यायच्या होत्या.

कंपनीचे मुख्य मेकॅनिकल इंजिनिअर जॉन रॉबिन्सन यांनी यात फार मोठा शोध लावला, असं काही नाही. १९०२ पासून धावणारं आपलंच आठ चाकांचं मालइंजिन त्यांनी घेतलं, पुढे दोन लहान चाकं जोडली, बॉयलर मोठा केला आणि वाफ आणखी तापवून कोरडी करणारा सुपरहीटर बसवला. मोठ्या चाकांचा व्यास चार फूट आठ इंच, म्हणजे वेग बेताचा पण ओढ जबर. सिलिंडर दोनच. माझ्या मते सगळी करामत या साधेपणातच आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रसद पोचवायला ब्रिटिश लष्कराला इंजिनं कमी पडू लागली. नवा आराखडा काढत बसायला सवड कुणाला होती? लष्कराच्या रेल्वे विभागाने हेच पारखलेलं इंजिन उचललं. १९१७ पासून गॉर्टनसह अनेक कारखान्यांत मिळून अशी ५२१ इंजिनं झाली. घरच्या इंजिनांत भट्टीचा आतला पेटारा तांब्याचा असे. युद्धात तांबं दुर्मिळ, म्हणून इथे तो पोलादी केला. युद्ध संपल्यावरही कारखान्यांना काम राहावं म्हणून ऑर्डरी चालूच राहिल्या.

मग एवढ्या इंजिनांचं करायचं काय? लष्कराने ती विकायला काढली. सुरुवातीला एका इंजिनाचे दोन हजार पौंड मिळत. १९२७ पर्यंत भाव ३४० पौंडांवर घसरला. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने २७३ घेतली. ग्रेट वेस्टर्नने शंभर घेतली, त्यांतली चांगली ५० निवडून नीट दुरुस्त केली, आपल्या पद्धतीचं पितळी टोपण बसवून घरची करून टाकली आणि बाकीची मोडेपर्यंत पिटाळली. व्यवहार म्हणावा तर असा!

दुसऱ्या महायुद्धात लष्कराला त्यांची पुन्हा आठवण झाली आणि ९२ इंजिनं मध्यपूर्वेत रवाना झाली. मायदेशी उरलेली १९६६ पर्यंत राबली.

ऑस्ट्रेलियातल्या जे. अँड ए. ब्राउन या कोळसा कंपनीनेही १३ इंजिनं नेली होती. न्यू साउथ वेल्समधल्या खाणींच्या लाइनवर त्यांतली काही ब्रिटनमधल्या भावंडांपेक्षाही जास्त टिकली. त्यांतली तीन आजही जपलेली आहेत. ब्रिटनमध्ये जतन झालं ते एकच, ६३६०१ क्रमांकाचं, आणि तेही १९१२ सालचं, म्हणजे युद्धाआधीचं. लष्करासाठी घडवलेलं एकही तिथे उरलेलं नाही; ते बघायचं तर ऑस्ट्रेलिया गाठावं लागतं.