हिमोफिलिया : झारच्या महालापासून भिलाईच्या क्वार्टरपर्यंत



या मालिकेत मागे एकदा आपण रशियाच्या शेवटच्या झारची गोष्ट ऐकली. त्याचा एकुलता एक मुलगा अलेक्सेई, त्याचं न थांबणारं रक्त, हवालदिल झालेली आई आणि तिच्या दुःखातून महालात शिरलेला रासपुतीन. तो भाग झाल्यावर माझी लेक म्हणाली, "बाबा, त्या राजपुत्राबद्दल तुम्ही तासभर बोललात. स्वतःबद्दल मात्र एक अक्षर नाही."

तिचं खरं होतं. मलाही हिमोफिलिया आहे. म्हणून आज तीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगतो, आमच्या भिलाईच्या क्वार्टरमधून.

आधी आजार काय ते समजून घेऊ. कापलं की रक्त येतं आणि थोड्या वेळाने गोठतं. हे गोठणं म्हणजे एक साखळी असते. रक्तातले काही घटक, त्यांना आपण फॅक्टर म्हणतो, एकामागून एक जागे होतात आणि शेवटी जखमेवर जाळी विणली जाते. हिमोफिलिया ए मध्ये आठवा फॅक्टर कमी असतो, हिमोफिलिया बी मध्ये नववा. लोकांना वाटतं की आम्हाला टाचणी लागली तरी आम्ही मरतो. तसं नाही. आमचं रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, फक्त लवकर थांबत नाही. आणि खरा धोका बाहेरच्या जखमेपेक्षा आतला. गुडघा, कोपर, घोटा यांच्या आत रक्त साठतं, सांधा फुगतो, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की सांधा कायमचा निकामी होतो. निरोगी माणसात आठव्या फॅक्टरचं प्रमाण ५० ते १५० टक्के असतं. माझं २ टक्के आहे.

आमचं मूळ गाव तुमसरजवळचं. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि सगळ्या देशातून माणसं इथे कामाला आली. विदर्भ तर शेजारीच. माझे वडील १९६६ मध्ये कोक ओव्हनला लागले. मी १९७४ चा. लहानपणी रशियन तज्ज्ञांची कुटुंबं बाजारात दिसायची, रविवारी आम्ही मैत्रीबागेत जायचो. त्या लोकांच्या देशातल्या एका राजपुत्राला आपल्यासारखाच आजार होता, हे मला फार पुढे कळलं.

मी रांगायला लागलो तेव्हा अंगावर निळेकाळे डाग उठायला लागले. वर्षाचा असताना ओठ फुटला आणि दोन दिवस रक्त झिरपत राहिलं. तेव्हा आजीने, म्हणजे आईच्या आईने, तोंडावर पदर धरला. तिला ते ओळखीचं होतं. माझा मामा १९५८ मध्ये, सतराव्या वर्षी, दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी गेला होता. हळद लावली, तुरटी लावली, कापसाचे बोळे बदलले. आजाराचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

नाव कळलं मुंबईत, परळला. तिथे केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या आजारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. याच केईएममधून १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगासमोर आणला होता. भिलाई ते मुंबई रेल्वेने साधारण अकराशे किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाव कळलं आणि घरात दुसरंच सुरू झालं. वडिलांकडची मंडळी आईला म्हणाली, "तुझ्या माहेरचं रक्त." आई शिकलेली नव्हती. तिने ते तीस वर्षं ऐकून घेतलं.

आता इतिहास बघा. आजार आईकडून येतो हे माणसाला फार पूर्वीपासून दिसत होतं. ज्यू लोकांच्या तालमूद या ग्रंथात चार बहिणींची हकिकत आहे. तीन बहिणींची मुलं सुंतेनंतर रक्तस्रावाने गेली, तेव्हा चौथीला सांगितलं गेलं की तुझ्या मुलाची सुंता करू नकोस. म्हणजे बहिणीबहिणींतून काहीतरी चालत येतं, हे त्यांनी ताडलं होतं. १८०३ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन ऑटो या डॉक्टरने अशा घराण्यांचा अभ्यास छापला. त्यात स्पष्ट लिहिलं की रक्तस्राव पुरुषांना होतो, पण तो पुढे जातो स्त्रियांमधून. कारण पुढे सापडलं. या फॅक्टरची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलग्याला एकच एक्स असतो, तो आईकडून आलेला. तो सदोष निघाला तर भरपाईला दुसरा नसतो. आईकडे दोन असतात, म्हणून ती बहुधा ठीक दिसते. आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात तर हा आजार आधी कुणालाच नसतो, जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. यात आईचा दोष कुठे आला?

व्हिक्टोरिया राणीचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये, तिशीत, फ्रान्समधल्या कान शहरात पडला आणि गेला. राणीच्या मुली अ‍ॅलिस आणि बिआट्रिस यांच्यामार्फत हा आजार जर्मनी, रशिया, स्पेनच्या राजघराण्यांत गेला. अ‍ॅलिसची मुलगी अलेक्झांड्रा रशियाची झारीना झाली आणि १९०४ मध्ये अलेक्सेई जन्मला. १९१८ मध्ये त्या सगळ्या कुटुंबाला गोळ्या घातल्या गेल्या. २००९ मध्ये त्यांच्या अस्थींच्या डीएनए तपासणीतून कळलं की तो हिमोफिलिया बी होता. राजांमुळे आजाराला प्रसिद्धी मिळाली आणि 'राजांचा आजार' हे नाव चिकटलं. खरं तर दर पाच हजार मुलग्यांमागे साधारण एकाला हिमोफिलिया ए असतो, मग तो महालात जन्मो की क्वार्टरमध्ये.

झारकडे सगळं होतं. पैसा होता, डॉक्टर होते, खास आगगाडी होती. नव्हता तो फॅक्टर. आणि मंडळी, माझ्या मते या आजाराचा सगळा इतिहास इथेच आहे. रक्त सुरू झाल्यापासून फॅक्टर शिरेत जाईपर्यंत किती वेळ लागतो, एवढाच तो प्रश्न आहे. झारच्या मुलासाठी ते अंतर कापणं अशक्य होतं. माझ्यासाठी ते अकराशे किलोमीटर होतं.

ते अंतर कसं कमी झालं ते बघू. १८४० मध्ये लंडनच्या सॅम्युएल लेन यांनी अशा एका मुलाला दुसऱ्याचं रक्त देऊन वाचवलं. पण रक्तगट माहीत नव्हते, तेव्हा तो उपाय नशिबावरच होता. पुढे ताजं रक्त आणि प्लाझ्मा देऊ लागले. त्यात अडचण अशी की प्लाझ्मात फॅक्टर विरळ असतो, आणि पुरेसा द्यायचा तर शरीराला झेपणार नाही एवढा द्रव चढवावा लागतो. १९५२ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की आजार एक नसून दोन आहेत. स्टीफन ख्रिसमस नावाच्या पाच वर्षांच्या मुलाच्या रक्तात नववा फॅक्टर नव्हता, म्हणून त्या प्रकाराला 'ख्रिसमस डिसीज' म्हणू लागले. मग १९६४ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ पूल या संशोधिकेने पाहिलं की गोठवलेला प्लाझ्मा थंडच ठेवून हळूहळू वितळवला की तळाशी साका बसतो, आणि त्यात आठवा फॅक्टर भरपूर असतो. हाच क्रायोप्रेसिपिटेट, आमच्या भाषेत 'क्रायो'. साध्या रक्तपेढीत जमेल असा उपाय. एक पिशवी म्हणजे एका माणसाचं रक्तदान, आणि एका मोठ्या माणसाच्या गुडघ्यासाठी आठ-दहा पिशव्या लागायच्या.

आमच्याकडे मात्र क्रायो नव्हता. होता तो ताजा प्लाझ्मा, आणि तो देणारे शेजारी. रात्रपाळी संपवून आलेले वडिलांचे मित्र आंघोळ न करता थेट रक्त द्यायला यायचे. साहूकाका, नायरकाका, बंगाली दादा, आमच्या गणपती मंडळातले सगळे. माझ्या अंगात आठ राज्यांचं रक्त आहे असं वडील गमतीने म्हणायचे.

१९८६ च्या गणपतीत, बारा वर्षांचा असताना, मी मांडवाच्या चौथऱ्यावरून पडलो. उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. वडील ड्युटीवर होते. शेजाऱ्यांनी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे दुखणं थांबावं म्हणून कंबरेत इंजेक्शन दिलं. हिमोफिलियात स्नायूत इंजेक्शन द्यायचं नसतं, कारण सुई जिथे जाते तिथे आत रक्त साठतं. तसंच झालं. आता दोन ठिकाणी रक्तस्राव. प्लाझ्मा दिला, तो पुरेना. मग मुंबईची गाडी. तिकीट मिळेपर्यंत एक दिवस, प्रवासात एक दिवस. आई रात्रभर माझा पाय मांडीवर घेऊन बसली होती आणि गाडी रुळांचे सांधे बदलताना हिसका बसला की माझ्याआधी तीच कळवळायची. तिसऱ्या दिवशी क्रायो मिळाला. जीव वाचला. गुडघा पुन्हा कधी सरळ झाला नाही.

तेव्हा परदेशात क्रायोच्याही पुढचं औषध निघालं होतं. हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवलेली फॅक्टरची पावडर. घरच्या फ्रिजमध्ये ठेवा आणि लागेल तेव्हा स्वतःच टोचून घ्या. अंतर शून्य! आम्हाला ती परवडत नव्हती आणि वडिलांना त्याची खंत होती. पण त्याच पावडरीतून १९८० च्या दशकात हजारो रुग्णांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस झाला. हजारांत एक दाता बाधित असला तरी सगळा साठा दूषित. अमेरिकेत जवळपास निम्म्या रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली. स्टीफन ख्रिसमसही १९९३ मध्ये एड्सनेच गेला. आमची गरिबी आम्हाला वाचवून गेली असं मी म्हणणार नाही. तपासणी नसलेलं रक्त आम्हीही घेतच होतो. भारतात रक्ताची एचआयव्ही तपासणी १९८९ पासून सक्तीची झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं.

या सगळ्यात रुग्ण स्वतः काय करत होते? माँट्रिअलचे फ्रँक श्नाबेल यांना जन्मापासून हा आजार. त्यांनी १९६३ मध्ये जागतिक हिमोफिलिया फेडरेशन उभी केली. त्यांचा जन्मदिवस १७ एप्रिल, तोच १९८९ पासून जागतिक हिमोफिलिया दिन झाला. दिल्लीचे अशोक बहादूर वर्मा हेही रुग्णच. त्यांनी १९८३ मध्ये भारतातली फेडरेशन सुरू केली. पुढे तिच्या शाखा गावोगावी निघाल्या. नागपूरला शाखा झाली आणि माझं अकराशे किलोमीटरचं अंतर अडीचशे-पावणेतीनशेवर आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेलबरोबर हिमोफिलियाचाही समावेश झाला. आता बऱ्याच सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मोफत मिळतो, साठा असेल तर. हे 'असेल तर' अजून आमच्या उशाशी असतंच. हिमोफिलिया ए साठी एमिसिझुमॅब नावाचं औषध आलंय. ते कातडीखाली आठवड्याने, पंधरवड्याने किंवा महिन्याने घेता येतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पाच रुग्णांवर केलेल्या जनुक उपचाराचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आज जन्मलेल्या मुलाचा गुडघा माझ्यासारखा व्हायचं कारण नाही.

आता लेकीबद्दल. बापाचा एक्स मुलीलाच जातो, म्हणून माझ्या मुलीत हे जनुक असणारच. मुलगा असता तर त्याच्यात माझ्याकडून आलं नसतं. वाहक स्त्रीला त्रास नसतो असं आम्ही धरून चाललो होतो. तिला पाळीत फार रक्तस्राव व्हायचा आणि घरात सगळे म्हणायचे, "होतं असं बायकांना." मागच्या वर्षी तिची तपासणी केली. फॅक्टर ३६ टक्के. डॉक्टर म्हणाले, हा सौम्य हिमोफिलियाच. दात काढताना, बाळंतपणात आधी सांगायलाच हवं. चोवीस वर्षं इतिहास वाचणाऱ्या बापाला आपल्या घरातली ही गोष्ट दिसली नव्हती.

सध्या तिच्यासाठी स्थळं बघतोय. तिने पहिल्याच भेटीत सांगायचं ठरवलं. एक घर त्यानंतर पुन्हा फिरकलं नाही. मी खचलो. माझी आई आता ऐंशीच्या पुढे आहे. ती म्हणाली, "बरं झालं, आधीच कळलं. मला लग्नानंतर ऐकावं लागलं होतं." घरात त्यावर कुणी काही बोललं नाही. तीस वर्षं ज्यांनी तिला ऐकवलं त्यांतलं आता कुणी राहिलेलं नाही. माफी मागायची तर मीच मागायची होती, गप्प बसल्याची. मागितली.

जाता जाता थोडं कामाचं. मुलाला वारंवार निळे डाग उठत असतील, सांधा विनाकारण सुजत असेल तर फॅक्टरची तपासणी करा. घरात रुग्ण असेल तर बहिणी, मावश्या, मुली यांचीही करा. सांधा सुजला की आराम द्या, बर्फ लावा, आणि फॅक्टर शक्यतो दोन तासांच्या आत द्या. अ‍ॅस्पिरिन नको, स्नायूत इंजेक्शन नको. आणि ज्यांना यातलं काहीच नाही त्यांनी रक्तदान करा. मी आज तुमच्याशी बोलतोय ते साहूकाकांच्या रात्रपाळीनंतरच्या त्या एका बाटलीमुळे.