‘हिरवा कंदील’ मिळाला म्हणजे काम सुरू झालं का? बातम्यांतले इंग्रजी वळणाचे वाक्प्रचार समजून घ्या

खामगाव : मोबाईलवर बातमी येते, ‘खामगाव-जालना रेल्वेमार्गाला हिरवा कंदील’. लगेच ग्रुपवर अभिनंदन सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी वावराचे भाव वाढलेले असतात. जलंबवरून खामगावला रेल्वे १८७० सालीच आली, कापसासाठी. पुढे जालन्यापर्यंत रूळ न्या, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. कंदील किती वेळा लागला, त्याची गणती नाही.

हा वाक्प्रचार इंग्रजीतून आला, तोही रेल्वेतूनच. रात्री गार्ड हिरव्या काचेचा कंदील दाखवायचा, म्हणजे पुढे जायला हरकत नाही. बातमीतही अर्थ तेवढाच, मंजुरी. पण मंजुरी कशाला? सर्वेक्षणाला, प्रस्तावाला की पैशाला, हे बातमीत खाली वाचावं. ‘तत्त्वतः मान्यता’ लिहिलं असेल तर पैसा अजून यायचा आहे. भूसंपादनाची अधिसूचना पाहिल्याशिवाय अशा बातमीवर वावराचा व्यवहार करू नये. माझ्या ओळखीतल्या एकाने दीड एकर घेतलं. रूळ आले नाहीत, व्याज चालू आहे.

याच रेल्वेच्या बातम्यांत ‘चेंडू राज्याच्या कोर्टात’ असंही येतं. आमच्या पारावर एका आजोबांनी विचारलं, “मंग तारीख कवाची हाय?” हसण्यासारखं काही नाही, कोर्ट म्हटलं की आपल्याला बुलढाण्याचं कोर्टच आठवतं. पण हे कोर्ट टेनिस खेळायचं मैदान आहे. चेंडू ज्याच्या बाजूला, मारायची पाळी त्याची. निम्मा खर्च राज्याने उचलायचा की नाही हे राज्याने ठरवायचं होतं, म्हणून चेंडू त्यांच्या कोर्टात.

‘लालफितीत अडकला’ : इंग्रजांच्या कचेरीत कागद लाल फितीने बांधत. आपला जुना शब्द आहे ‘बासनात गुंडाळला’. दोन्हीत फरक आहे. लालफितीतलं काम रखडलेलं असतं, बासनातलं बाजूला टाकलेलं. तुमचा अर्ज कुठे अडकला हे माहिती अधिकारात विचारता येतं. कायदा २००५ चा, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

‘पांढरा हत्ती’ : सयामचा राजा ज्याच्यावर रागवायचा त्याला पांढरा हत्ती भेट द्यायचा, अशी गोष्ट सांगतात. कामाला लावता येत नाही, विकता येत नाही, खायला मात्र घालावं लागतं. गावात बंद पडलेलं पाणी शुद्धीकरण यंत्र असेल तर समजून जा.

‘हिमनगाचे टोक’ : समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाच्या डोंगराचे दहापैकी जवळपास नऊ भाग पाण्याखाली असतात. घोटाळ्याच्या बातमीत हा शब्द हमखास. आपल्याला हरळी म्हटलं तर लवकर कळलं असतं.

‘मगरीचे अश्रू’ म्हणजे खोटं रडणं, निवडणुकीत दिसतं.

‘टेबलाखालून’चा अर्थ सांगायची गरज नाही. कुणी तसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे.