शून्याची नोंद : आपल्या दर्याचा हिशोब



इथे आपण देवळांच्या, शाळांच्या, जत्रांच्या, जुन्या नाटकांच्या आठवणी लिहितो. आज दर्याविषयी लिहिते. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

पेडण्याच्या किनाऱ्यावर आम्ही काही जण महिन्यातून एकदा ठरलेल्या पट्ट्यावर चालतो. वाळूवर मरून पडलेले समुद्रपक्षी मोजतो, दर्याने आणून टाकलेला कचरा मोजतो आणि कागदावर लिहितो. गटात दोन निवृत्त मास्तर आहेत, कॉलेजची मुलं आहेत, रापणीवर जाणारेही आहेत. कोण कुठल्या पट्ट्यावर, भरती कधी, कुणाचा कागद यायचा राहिला, हे बघायचं काम माझ्याकडे. "हे मोजून मिळतं काय?" असं घरचे विचारतात, दारचे विचारतात. त्याचं उत्तर मला जुन्या नोंदींत सापडलं, म्हणून त्या नोंदींचीच गोष्ट सांगते.

आपल्या बाजूच्या समुद्रपक्ष्यांची जुनी लेखी नोंद बघायला गेलं तर गोव्यात नाही, तेरेखोलच्या पलीकडे वेंगुर्ल्याला जावं लागतं. राष्ट्रीय काँग्रेसचे संस्थापक म्हणून ज्यांचं नाव आपण शाळेत पाठ केलं, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्षीवेडे होते. १८७५ साली ते पश्चिम किनारा आणि लक्षद्वीपच्या सफरीवर निघाले. वाटेत वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर गेले आणि १८७६ साली आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात त्या सफरीचा वृत्तांत छापला. पुढे हुमायूं अब्दुलअली यांनी त्याच खडकांवरच्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं, ते १९४२ साली बीएनएचएसच्या नियतकालिकात आलं. म्हणजे त्या उघड्याबोडक्या खडकांविषयी दीडशे वर्षांमागचं काही सांगता येतं, कारण कुणीतरी होडीने गेलं, बघितलं आणि तारखेसकट लिहून ठेवलं.

आणि खाडीच्या अलीकडे? पक्ष्याला सरहद्द नसते, पण वहीला असते. इंग्रज अंमलातले हे हौशी लोक पोर्तुगीज हद्दीत फारसे आले नाहीत. गोव्याच्या पक्ष्यांची पद्धतशीर यादी रॉबर्ट ग्रब आणि सलीम अली यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली, मुक्तीनंतर पंधरा वर्षांनी. त्यानंतर हाइन्झ लाइनर या गोव्यात राहिलेल्या परदेशी गृहस्थांनी वर्षानुवर्षं पक्षी बघून तपशीलवार नोंदी केल्या. त्या १९९९ पासून छापून आल्या. आपल्या किनाऱ्याची पक्षीवही ही एवढीच जुनी. त्याच्या आधीचं सगळं आपल्या माणसांच्या डोक्यात.

डोक्यातलं खोटं नसतं. आमच्याकडचे एक वयस्क रापणकार नेहमी सांगतात, "बाय, पयलीं सवणीं खूब आसलीं." मी विचारते, "काका, खूब म्हणजे किती? आणि पयलीं म्हणजे कधी?" ते हात पसरून दर्याकडे दाखवतात. त्यांना जे दिसलं ते शंभर टक्के खरं आहे. पण कोर्टात, पंचायतीत, सरकारी अहवालात पसरलेल्या हातांना किंमत मिळत नाही.

आता डांबरगोळ्यांचं बघा. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या वाळूत पायाला चिकटणारे काळे गोळे येतात, ते लहानपणापासून सगळ्यांनी रॉकेलने पुसले असतील. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालची. तिथल्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच या गोळ्यांची नोंद छापली. बॉम्बे हायचं तेल सापडलं १९७४ साली. म्हणजे गोळे त्याच्याही आधीपासून येत होते आणि तेव्हाचं बोट जहाजांकडेच जातं. टाक्या धुऊन तेलकट पाणी समुद्रात सोडायची रीत तेव्हा होतीच. पुढे संस्थेने गोळ्यांतल्या तेलाचे ठसे तपासले, तेव्हा जहाजांबरोबर बॉम्बे हायच्या बाजूच्या तेलाचाही माग लागला. जुनी नोंद नसती तर सगळा दोष एकाच दारात टाकून आपण मोकळे झालो असतो.

नोंद नसली की काय होतं, हे जगाने अलास्कात बघितलं. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज तिथे खडकावर चढलं. पुढच्या काही महिन्यांत तीस हजारांहून जास्त मेलेले पक्षी गोळा झाले. पण एकूण मेले किती? बरेचसे बुडाले, वाहून गेले, कोल्ह्या-गरुडांनी खाल्ले. अंदाज एक लाखापासून चार लाखांपर्यंत गेले आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. एक मूळ अडचण अशी, की तेल सांडायच्या आधी त्या किनाऱ्यावर एरवी किती पक्षी मरून लागतात, हे धड कुणाला माहीत नव्हतं. साधे दिवस कुणी मोजलेच नव्हते.

हीच उणीव भरून काढायला अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ज्युलिया पॅरिश या प्राध्यापक बाईंनी वॉशिंग्टन विद्यापीठातून 'कोस्ट' नावाचा उपक्रम सुरू केला. साधी माणसं, ठरलेला किनारा, महिन्याला एक फेरी. मेलेला पक्षी दिसला की आधी त्याचा पंजा बघायचा, मग चोच, नडगी आणि पंख मोजायचे, फोटो काढायचा. पुढच्या फेरीत तोच पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून त्याला रंगीत खुणेचा पट्टा बांधायचा आणि तिथेच ठेवायचा. पुढे त्याच चालणाऱ्यांनी कचराही मोजायला घेतला. २०१५-१६ मध्ये कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत कॉमन मर नावाचे काळे-पांढरे पक्षी किनाऱ्यांवर मरून पडू लागले. सुमारे ६२,००० मोजले गेले, आणि एकूण मृत्यू दहा लाखांच्या घरात असावेत असा अंदाज निघाला. समुद्राचं पाणी फार तापलं आणि पक्ष्यांची उपासमार झाली, हे कारण पुढे आलं. हे नेहमीचं नाही, असं ठामपणे सांगता आलं, कारण नेहमीचं काय ते आधीची कितीतरी वर्षं लिहून ठेवलेलं होतं.

आपल्या घरचं उदाहरण कांदोळीचं. ६ जून २००० रोजी 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज वादळी समुद्रात वाहत येऊन कांदोळी-शिकेरीच्या किनाऱ्याजवळ रुतलं. ते पूर्ण निघेपर्यंत २०१२ साल उजाडलं. बारा वर्षं! या काळात गावचे लोक कंठशोष करून सांगत होते, की जहाजामुळे आमची वाळू गेली. ज्यांचं आयुष्य त्या वाळूवर गेलं, त्यांनाच ते पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागत होतं. जहाज यायच्या आधी गावातल्याच कुणी दर महिन्याला त्या पट्ट्याची रुंदी पावलांनी जरी मोजून लिहिली असती, तरी गावच्या हातात एक कागद असता.

उलट बाजूचं उदाहरणही जवळच आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था कोकण किनाऱ्यावर समुद्री गरुडांची घरटी मोजत फिरत होती. २००२ साली वेळास गावी त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. मोजायला गेले गरुड आणि हाती लागली कासवं. आज वेळासचा कासव महोत्सव कुणाला माहीत नाही? आपल्याकडे मोरजीला तर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच वनखातं आणि गावकरी घरटी राखताहेत. सुरुवातीच्या काही हंगामांत घरटी बोटांवर मोजण्याइतकी असायची, अलीकडे गोव्यात शंभराच्या पुढे जातात. हे "वाढली" म्हणणं आपल्याला शोभतं, कारण त्या गरिबीच्या वर्षांतली संख्याही लिहिलेली आहे.

आता आमच्या फेरीचं. पावसाळ्यात जूनपासून मोठी मासेमारी बंद असते, वारा दर्याकडून जमिनीकडे असतो. तेव्हाच खोल समुद्रातले पाहुणे किनाऱ्याला लागतात. मास्क्ड बूबी, ब्रायडल्ड सुरय, शिअरवॉटर, असे एरवी जमिनीकडे न फिरकणारे पक्षी. कधी जिवंत पण थकलेले, कधी मेलेले. जिवंत असला तर त्याला पाण्यात ढकलायचं नाही, वनखात्याला किंवा किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना कळवायचं. मेलेल्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, आणि पीससुद्धा घरी आणायचं नाही, वन्यजीव कायदा आहे. कचऱ्यातही बघण्यासारखं खूप असतं. बाटलीला कवचवाले जीव चिकटलेले असले तर ती पुष्कळ दिवस पाण्यात तरंगत आली. स्वच्छ ग्लास आणि स्ट्रॉ असले तर ते बहुधा काल रात्रीचे, इथलेच. तुटलेली जाळी वेगळी, थर्माकोल वेगळं, चपला वेगळ्या. आणि भाताच्या दाण्याएवढ्या प्लास्टिकच्या गुळगुळीत गोळ्या वेगळ्या. तो कारखान्यांचा कच्चा माल असतो. मे २०२५ मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडाल्यावर केरळच्या किनाऱ्यावर त्यांचा थर लागला. पण आपल्या गोव्याच्या वाळूतही त्या आधीपासून सापडतात, समुद्रविज्ञान संस्थेने त्यावर काम केलेलं आहे. उद्या असं एखादं जहाज आपल्यासमोर बुडालं तर आधीच्या गोळ्या किती आणि नंतरच्या किती, हा प्रश्न येणारच.

जगभरची किनारा सफाई सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी होते. १९८६ साली टेक्सासमध्ये ती सुरू झाली, तेव्हापासूनच उचललेला कचरा मोजून लिहायची रीत आहे. आपल्याकडे तो काळ चवथीच्या आगेमागे येतो. त्या दिवशी वाळूवर मखराचं थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या आणि दर्याने पावसाळाभर आणलेलं सगळं एकत्र पडलेलं असतं. एका दिवसाच्या सफाईत आपलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, ते उलगडत नाही. जून, जुलै, ऑगस्टचे कागद जवळ असले तरच उलगडतं.

सगळ्यात कठीण काम मात्र वेगळंच. एका महिन्यात आमच्या एका मास्तरांचा कागद आला नाही. फोन केला तर म्हणाले, "अगो, पक्षी एकही नव्हता. काय पाठवू?" मी म्हटलं, "मास्तर, शून्य पाठवा." ते हसले. "आयुष्यभर पोरांना शून्य दिलं, आता मलाच भरायला लावतेस!" पण तेव्हापासून त्यांचा एकही महिना चुकला नाही. मंडळी, चालून आल्यावर लिहिलेलं शून्य आणि कोरा कागद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोरा कागद म्हणतो, कुणी बघितलंच नाही. शून्य म्हणतं, आम्ही इथे होतो, बघितलं, आणि दर्या आज नीट होता.

आपल्या समाजाने देवस्थानांचे जमाखर्च पिढ्यान् पिढ्या जपले. दर्याचा मात्र जमाखर्च कुणी ठेवला नाही, कारण तो संपेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. रापणी कमी होत चालल्या आहेत. ज्यांना वारा बघून पक्षी कळायचे ती माणसं एकेक करून जाताहेत. त्यांच्या 'पयलीं'ला साल आणि जागा चिकटवायला आपल्या हातात फार वर्षं नाहीत.

म्हणून एक विनंती. घरातल्या जुन्या माणसांना विचारून तीनच गोष्टी खाली लिहा : कुठला किनारा, अंदाजे कुठलं साल (कुणाच्या लग्नाचं, कुठल्या वादळाचं, चालेल), आणि काय दिसायचं. जुन्या फोटोत मागे किनारा आला असेल तर तोही टाका. वेंगुर्ला, मालवण, कारवारकडच्यांनीही लिहा, दर्या एकच आहे. आणि पेडण्याच्या बाजूला राहत असाल, महिन्यातली एक सकाळ मोकळी असेल, तर चालायला या. काहीच सापडलं नाही तरी चालेल. तेही लिहायचंच आहे.