बाहेरून स्टील, आतून काय? पेट्रोलच्या नळीचा इतिहास

हौसेने गाडी मॉडिफाय करणारे लोक फ्युएल सिस्टिम नव्याने बांधायला घेतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एएन ६ घेऊ की एएन ८? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. हा आकडा फक्त माप सांगतो. आतल्या रबराला तुमचं पेट्रोल मानवणार का, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. कारण नळी आणि तिचा जोड, दोघांचा इतिहासच वेगळा आहे. एक प्रयोगशाळेत घडला, दुसरा लष्करात.

मी पॉलिमरवाली, म्हणून नळीपासून सुरुवात करते.

नैसर्गिक रबर म्हणजे निव्वळ कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. पेट्रोलमध्येही मुख्यतः तेच दोघे. सारख्या स्वभावाचे पदार्थ एकमेकांत मिसळतात, हे आपण शाळेत शिकलोय. गंधकाने पक्क्या केलेल्या रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून ते विरघळत नाही. पण भिजवलेल्या साबुदाण्यासारखं फुगतं आणि मऊ पडतं. मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा रबर म्हणजे हेच होतं, त्यामुळे पेट्रोल वाहून न्यायचं काम तांब्याच्या नळीकडे गेलं. ते ठीकच होतं, फक्त इंजिनाच्या थरथरीने तांबं कडक होऊन तडकायचं.

पहिली वाट निघाली ती चुकून. १९२०च्या दशकात अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये जोसेफ पॅट्रिक आणि नेथन मनुकिन गाडीच्या रेडिएटरसाठी न गोठणारं द्रव शोधत होते. हाती आला एक भयानक वासाचा चिकट गोळा, तोही कुठल्याच द्रावकात विरघळेना. त्याचं नाव पडलं थायोकोल. वास इतका, की शेजारी वैतागावेत. पण पेट्रोल त्याचं काही बिघडवू शकत नव्हतं, आणि पुढे विमानांच्या इंधनटाक्यांचे सांधे बंद करायला याच कुळातला पदार्थ वापरला गेला. १९३०मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत निओप्रीन सापडलं. आणि त्याच दशकात जर्मनीत आय. जी. फार्बेनच्या एरिक कोनराड आणि एडुआर्ड चुंकुर यांनी ब्यूटाडाइनच्या साखळीत अ‍ॅक्रिलोनायट्राइल गुंफलं. हेच नायट्राइल रबर. आजही साध्या फ्युएल होजमध्ये बहुतेक वेळा हेच असतं.

यातली युक्ती बघा. अ‍ॅक्रिलोनायट्राइल ध्रुवीय आहे, म्हणजे त्याच्या रेणूत एका बाजूला थोडा ऋण भार, दुसऱ्या बाजूला थोडा धन. पेट्रोलचा स्वभाव तसा नाही, म्हणून दोघांचं जमत नाही. जितकं अ‍ॅक्रिलोनायट्राइल जास्त तितकं पेट्रोल दूर राहतं, पण थंडीत रबर तितकंच ताठर होतं. फुकट काहीच मिळत नाही.

आता जोडाकडे वळू. एएन म्हणजे आर्मी-नेव्ही. अमेरिकी भूदलाच्या हवाई शाखेची आणि नौदलाची विमानं एकाच प्रकारच्या सुट्या भागांवर चालावीत म्हणून ही मानकं ठरली आणि दुसऱ्या महायुद्धात पक्की रुजली. आकडा इंचाच्या सोळाव्या भागात मोजायचा: एएन ६ म्हणजे ६/१६, अर्थात ३/८ इंच बाहेरच्या व्यासाची धातूची नळी. होजचं आतलं भोक नव्हे! युद्ध संपल्यावर विमानांचं जादा सामान स्वस्तात विकायला निघालं आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या पोरांचं फावलं. बिल बर्क नावाच्या गड्याने तर लढाऊ विमानाची जादा पेट्रोलची टाकीच मोटारीचं धड म्हणून वापरली. एएन फिटिंग गाड्यांत शिरलं ते याच वाटेने.

इथे एक फसवणूक दडलीय. एएनच्या तोंडाचा कोन ३७ अंश. मोटारींच्या तांब्याच्या नळ्यांवर जुना कोन होता ४५ अंश. माप ८ आणि १० मध्ये दोन्हींचे आटे अगदी सारखे, त्यामुळे नट गुमान बसतो, पान्याला घट्टही लागतो. पण आत दोन तिरके पृष्ठभाग फक्त एका बारीक रेषेवर टेकलेले असतात. गरम इंजिनाशेजारी तिथून पेट्रोल झिरपलं तर काय, ते सांगायला नको. कार्ब्युरेटरच्या काळात लाइनमध्ये जेमतेम ०.२ ते ०.५ बार दाब असायचा, तेव्हा थेंब गळायचे. इंजेक्शनच्या गाडीत साधारण ३ ते ४ बार असतात, तिथे फवाराच उडतो.

आपल्याकडे या सगळ्यात इथेनॉलची भर पडली. २००१मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यांतले दोन आपल्या मिरज आणि मनमाडला होते. फेब्रुवारी २०२३मध्ये २० टक्क्यांचं ई२० पंपावर यायला लागलं. इथेनॉल ध्रुवीय आहे. म्हणजे पेट्रोलला हुसकावण्यासाठी नायट्राइलमध्ये जे घातलं, तेच इथेनॉलला जवळ करतं. त्यातही गंमत अशी, की निव्वळ पेट्रोलमध्ये किंवा निव्वळ इथेनॉलमध्ये नायट्राइल जितकं फुगतं, त्याहून मिश्रणात जास्त फुगतं. मिश्रणाचा स्वभाव दोघांच्या मधला, आणि नायट्राइलचाही मधलाच. त्यामुळे "आधी चालत होती की" या युक्तिवादाला फारसा अर्थ उरत नाही.

यावरचा उपाय १९५७मध्येच बाजारात आला होता: फ्लोरिनयुक्त रबर, व्हायटॉन. महाग, म्हणून होजमध्ये आतून त्याचा पातळ थर देतात. साध्या रबरी होजवर एसएई जे३० आर७ छापलं असेल तर ती कमी दाबाची, कार्ब्युरेटरच्या कामाची. आर९ असेल तर इंजेक्शनची. खरी अडचण स्टीलची जाळी विणलेल्या होजची. जाळी दाब आणि घासणं सोसते, बाकी काही नाही. आत स्वस्तातलं नायट्राइलही असू शकतं. लावून काही आठवडे झाले की होजवरून कोरडं फडकं घासा आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला, तर वाफ रबरातून आरपार येतेय.

टेफ्लॉनच्या अस्तराच्या होजमध्ये हा त्रास जवळपास नसतो. पण वाहत्या पेट्रोलने स्थिर विद्युतभार साठून ठिणगी अस्तराला भोक पाडू शकते, म्हणून कार्बन मिसळलेलं, आतून काळं अस्तर मागा. आणि तिची फिटिंग्जही वेगळी घ्यावी लागतात. रबरी होजचं टोक तिच्यावर बसल्यासारखं दिसतं, पण दाब आला की निसटतं. बाहेरून आकडा दोन्हींवर एएन ६च असतो.