घोडकाठचे इनामगाव : आद्य नदीसंस्कृतींमधील स्त्री-पुरुष

मुळशी तालुक्यातील मारुंजी परिसराचे पाणी मुळा-मुठेतून भीमेला जाते. त्याच भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. प्रा. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांच्या या कामामुळे महाराष्ट्रातील आद्य खेड्याची समाजरचना प्रथमच तपशिलाने समोर आली.

वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर व धान्यकोठार होते. कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत. मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात, बसलेल्या स्थितीत एका प्रौढ पुरुषाचे दफन आढळले. इतर प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडलेले असत. याचे मात्र शाबूत होते. त्यामुळे हा गावचा प्रमुख असावा, असा निष्कर्ष निघाला. बालकांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत.

एका घरात जमिनीखाली, झाकण असलेल्या मातीच्या पात्रात कच्च्या मातीची शिरोहीन स्त्रीमूर्ती सापडली. सोबत बैल होता. दोहोंना अशी छिद्रे होती की, काडीच्या आधारे मूर्ती बैलावर बसविता यावी. तिला मातृदेवता मानले जाते. परंतु देवता स्त्री म्हणून घरात स्त्रीचा शब्द चालत असे, हे अनुमान घाईचे ठरेल. सत्तेचा जो पुरावा इनामगावात मिळाला, तो पुरुषाच्या दफनाचा आहे.

सिंधू संस्कृतीबाबत हीच अडचण अधिक तीव्र आहे. मोहेंजोदडो येथील कांस्यमूर्तीला ‘नर्तकी’ आणि दगडी अर्धपुतळ्याला ‘पुरोहित-राजा’ ही नावे विसाव्या शतकातील अभ्यासकांनी दिली. ती नर्तकी होती वा तो राजा होता, याला स्वतंत्र पुरावा नाही. पुरुषाला सत्ता व स्त्रीला नृत्य, ही वाटणी नाव ठेवणाऱ्यांची!

मेसोपोटेमियात लेखनामुळे चित्र स्पष्ट आहे. ऊर येथील पुआबीच्या मुद्रेवर पतीचे नाव नाही. सारगॉनची कन्या एनहेदुआना तेथे चंद्रदेवाची प्रमुख पुजारीण होती. मात्र हम्मुराबीच्या संहितेत कर्जापायी पत्नीला तीन वर्षे दुसऱ्याकडे राबावयास पाठविण्याची मुभा पतीला होती. इजिप्तमध्ये स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवता येई व दावाही लावता येई.

सिंधू लिपी अद्याप वाचली गेलेली नाही आणि इनामगावात लेखन नव्हतेच. म्हणून येथे हाडांवरच भिस्त आहे. २०१९ मध्ये डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे व सहकाऱ्यांनी राखीगढी येथील एका सांगाड्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. तो सांगाडा स्त्रीचा होता.