शब्दाची कुळकथा : बॉयकॉट

व्याकरण : क्रियापद व नाम.
अर्थ : निषेध म्हणून एखादी व्यक्ती, संस्था, देश वा वस्तू यांच्याशी ठरवून संबंध तोडणे, बहिष्कार घालणे.

उगम : हा शब्द लॅटिन वा ग्रीकमधून आलेला नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. (क्रिकेटरसिकांना आठवणारे जेफ्री बॉयकॉट ते हे नव्हेत.)

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांपुढे जाईना. सप्टेंबरमध्ये बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या. दुसऱ्याची हिरावलेली जमीन कसायला घेणाऱ्याशी सर्व व्यवहार बंद करा, असे आवाहन नेते पार्नेल यांनी एनिस येथील सभेत त्याआधी थोडेच दिवस केले होते. कुळांनी तेच अस्त्र कारभाऱ्यावर चालविले. गडीमाणसे काम सोडून गेली, दुकानदार माल देईनात, पीक शेतात उभे राहिले. अखेर बाहेरून ५० मजूर आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे १ हजार सैनिक आणावे लागले. सुमारे ५०० पौंडांचे पीक काढण्यास १० हजार पौंड खर्च झाल्याचा अंदाज आहे.

या प्रकाराला नाव काय द्यावे? 'ऑस्ट्रसाइज' हा शब्द खेडुतांना कळणार नाही, म्हणून फादर जॉन ओमॅली यांनी 'बॉयकॉट करणे' असे सुचविले, अशी हकिगत अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी नोंदविली आहे. पुढे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश भाषांनीही हा शब्द उचलला.

मराठी प्रतिशब्द : 'बहिष्कार' म्हणजे बाहेर करणे. वंगभंगानंतरच्या चळवळीत लोकमान्य टिळकांच्या चतु:सूत्रीत स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षणासोबत बहिष्कारही होता. ते बलाढ्य सत्तेविरुद्धचे अस्त्र होते. मात्र मराठी शब्दाला दुसरी, जुनी बाजू आहे : वाळीत टाकणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाचे 'बहिष्कृत भारत' हे नाव त्याच वेदनेतून आले. जातपंचायतींच्या अशा फर्मानांविरुद्ध महाराष्ट्रात जुलै २०१७ पासून सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागू आहे; त्यात ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

शब्द वापरताना म्हणून एक भान ठेवावे. आयर्लंडच्या कुळांनी आपल्याहून बलवानाशी व्यवहार तोडला होता. जातपंचायत दुबळ्याचे पाणी तोडते. शब्दकोशात दोहोंसाठी शब्द एकच असला, तरी पहिला प्रतिकार आहे आणि दुसरा गुन्हा.